मॉडेल नंतर, आधी टेप: मुलांना इमारत कशी शिकवावी

प्रश्न असा आहे: नाशिकमधल्या एका सोसायटीतल्या ८ ते १३ वयाच्या दहा-बारा मुलांसाठी उन्हाळ्याच्या सुटीत वास्तुरचनेचा वर्ग घ्यायचा आहे. बाजारात मिळणारी मॉडेलची किट घ्यावीत का? सुरुवात चित्रांनी करावी की मॉडेलने? आणि शहरात मुलांना नेमके काय दाखवावे?

किट घेऊ नका. त्यातले तुकडे आधीच कापलेले असतात, म्हणजे खिडकी कुठे, जिना केवढा, भिंत किती जाड हे सगळे दुसऱ्याने ठरवून टाकलेले असते. मुलाच्या वाट्याला उरते ते फक्त चिकटवणे. चित्रानेही सुरुवात नको. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जन्मलेल्या मुलालासुद्धा घर काढायला सांगा, तो तिरके छप्पर, मधोमध दार आणि दोन बाजूंना दोन खिडक्या काढून मोकळा होतो. ते घराचे चिन्ह झाले, त्याने पाहिलेले घर नव्हे. इमारत दिसायला लागते ती मोजल्यावर. म्हणून पहिले दोन-तीन दिवस हातात पेन्सिलीआधी टेप द्यावा.

सामान फार लागत नाही. तीन मुलांमागे एक ५ मीटरचा स्टीलचा टेप, आलेख कागद, क्लिपबोर्ड, सुतळी, एक ओळंबा (दोरीला टांगलेले वजन, उभी रेषा तपासायला), एक गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) आणि ८ ते १० मीटर पारदर्शक प्लास्टिकची नळी. ओळंबा, गुण्या आणि नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मॉडेलसाठी फळवाल्यांकडची पुठ्ठ्याची खोकी गोळा करा. मार्च-एप्रिलपर्यंत द्राक्षांची मिळतात, पुढे आंब्याची. थर्माकोल आणू नका. तो कापला की दाणे उडतात, फेव्हिकॉल त्यावर लवकर सुकत नाही आणि काही द्रवरूप गोंद तर त्याला विरघळवूनच टाकतात.

पहिला दिवस जिन्याचा ठेवा. सोसायटीच्या जिन्यात मुलांना बसवा आणि प्रत्येक पायरीची उंची व पाय ठेवायच्या जागेची खोली मोजायला लावा. एकच पायरी मोजून थांबू देऊ नका, सगळ्या मोजा. बहुतेक वेळा पहिली किंवा शेवटची पायरी एक-दोन सेंटीमीटरने वेगळी निघते, कारण फरशी बसवताना वाढलेली जाडी आधी हिशेबात धरलेली नसते. लोक नेमके तिथेच अडखळतात. पायाने एक लय पकडलेली असते आणि ती तिथे चुकते. हे कळले की मापाला अर्थ येतो. मग सूत्र सांगा: पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पायरीची खोली, बेरीज ६० ते ६४ सेंटीमीटरच्या आसपास आली तर जिना सुखाचा. उंची १६.५ आणि खोली २७ असेल तर बेरीज ६० येते. जुन्या वाड्यांतले जिने मोजले तर हे गणित पार बिघडलेले दिसते. उंची जास्त, खोली कमी, धरायला वरून लोंबणारा दोर. तिथे जिन्याला जागाच कमी दिलेली असायची.

त्याच दिवशी स्वयंपाकाच्या ओट्याची उंची, दाराची कडी, बेसिन, विजेची बटणे, खिडकीचा तळ, वर्गातले बाक अशी सगळी मापे घ्या. प्रत्येक मुलाने स्वतःची उभी उंची, बसलेल्या डोळ्याची उंची, हात वर केल्यावरची उंची आणि दोन्ही हात पसरल्यावरची रुंदी मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. पुढे महिनाभर हे पान लागते. ओटा ८५ सेंटीमीटरचा का, हे त्यांना आपोआप कळेल. उभ्या माणसाच्या कोपरापेक्षा थोडा खाली, म्हणजे पोळी लाटताना खांदे वर उचलावे लागत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक खोली मोजायची. इथे तीन चुका हमखास होतात. पहिली: टेपच्या टोकाचा आकडा, म्हणजे धातूचा हूक, किंचित हलतो, ते पाहून मुले टेप खराब आहे म्हणतात. तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो. आतून माप घेताना आकडा भिंतीवर दाबला जातो, बाहेरून घेताना ओढला जातो. आकड्याची स्वतःची जाडी दोन्हीकडे भरून निघावी म्हणून तेवढी हालचाल दिलेली असते. दुसरी: भिंतीवरचे दार, मधला भाग, खिडकी असे तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज करणे. प्रत्येक तुकड्यात थोडी चूक असते आणि ती साठत जाते. टेप एका कोपऱ्यात धरून ठेवा आणि पुढची सगळी मापे त्याच शून्यापासून घ्या. तिसरी चूक सर्वांत शिकवणारी आहे. चारही बाजू बरोबर मोजल्या, तरी कागदावर खोली जुळत नाही. का? खोली काटकोनात नसते. दोन्ही कर्ण मोजायला लावा. ते सारखे आले तर चारही कोपरे काटकोनात, नाही तर खोली एका बाजूला झुकलेली. जमिनीवर काटकोन काढायची गवंड्यांची रीतही इथेच दाखवा. सुतळीवर ३, ४ आणि ५ फुटांच्या खुणा करून त्रिकोण ताणायचा, गच्चीवर खडूने किंवा फक्कीने आखायचा. पायथागोरसचे नाव त्यानंतर घेतले तरी चालते.

नळीचा खेळ मुलांना सर्वांत आवडतो. नळीत पाणी भरून दोन टोके दोन भिंतींवर धरा. पाणी थांबेल तिथे दोन्हीकडे खूण करा, की खोलीभर एक सपाट रेषा मिळते. तिथून जमिनीपर्यंत ठिकठिकाणी मोजा. फरशी कुठे उतरते, बाथरूमचा उतार नहाणीच्या जाळीकडे मीटरमागे साधारण एक सेंटीमीटर आहे की नाही, हे आकड्यांत दिसते. मात्र नळीत हवेचा एक बुडबुडा जरी अडकला तरी माप चुकते. भरताना नळी बादलीत बुडवून तोंडाने पाणी ओढा आणि वर धरून बुडबुडे बाहेर काढा. पाण्यात थोडी हळद टाकली की पातळी स्पष्ट दिसते.

आता चित्र. पण दर्शनी चित्र नको, छेद काढायचा. म्हणजे इमारत वरून खालपर्यंत उभी कापली तर आत काय दिसेल ते. बुटांचा खोका उभा कापून दाखवलात तर आठ वर्षांच्या मुलालाही कळते. मग आपल्याच इमारतीचा छेद १:५० प्रमाणात काढायला लावा. ३ मीटरचा मजला कागदावर ६ सेंटीमीटर होतो. रस्त्यापासून सुरुवात करा: रस्ता, फाटक, प्लिंथची (जोत्याची) उंची, पार्किंग, जिना, स्लॅब, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी. प्रत्येक मजल्यावर एक माणूस काढायचाच, १:५० मध्ये साधारण सव्वातीन सेंटीमीटरचा. माणूस काढला की खिडकीचा तळ चुकून त्याच्या डोक्याच्या वर गेला आहे हे मूल स्वतःच पकडते. माझ्या मते छेद काढता येणाऱ्या मुलाला वास्तुरचनेचा अर्धा विषय समजला. प्लॅन, म्हणजे वरून दिसणारा नकाशा, नंतर आपोआप येतो.

भिंतीची जाडी मात्र आग्रहाने काढायला लावा. मुले भिंत म्हणजे एक रेघ समजतात. ९ इंची वीटभिंत प्लास्टरसकट सुमारे २५ सेंटीमीटर होते. १:२० च्या मॉडेलमध्ये ती सव्वा सेंटीमीटर. पाच पदरी पुठ्ठा साधारण ५ मिलिमीटर जाड असतो. तो एकेरी वापरला तर आतल्या १० सेंटीमीटरच्या भिंतीला बरोबर बसतो, बाहेरच्या भिंतीसाठी दोन-अडीच थर एकमेकांवर चिकटवा. हे टाळले की खिडकी हे भिंतीतले नुसते भोक होते. पण खिडकीला खोली असते, त्यात बसता येते, कोनाडा करता येतो, आणि सावली पडते ती त्याच खोलीमुळे.

पुढचा आठवडा वजनाचा. इथे थोडे रेंगाळा, घाई करू नका.

ए-४ कागद आडवा अर्धा कापा. एका तुकड्याचा त्रिकोणी, एकाचा चौकोनी आणि एकाचा गोल खांब करा. घेर सगळ्यांचा २० सेंटीमीटर, उंची १५ च्या आसपास. प्रत्येकावर पुठ्ठ्याचा चौकोन ठेवून एकेक वही रचत जा. गोल खांब जास्त तग धरतो. त्रिकोणी आणि चौकोनी खांबाच्या सपाट बाजू आधी फुगतात आणि सगळा भार कोपऱ्यांवर येतो. वरची कड वेडीवाकडी कापलेली असेल तर हा प्रयोग फसतो, भार एकाच टोकावर येतो आणि चांगला खांबही लगेच बसतो. मग मुलांना पुठ्ठा निरखायला लावा. त्याच्या आत नागमोडी नळ्या असतात. त्या उभ्या ठेवून भिंत केली तर ती भार घेते, आडव्या ठेवल्या तर तीच भिंत दाबाखाली चुरगळते. मॉडेल कोसळण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. पुठ्ठा कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर नळ्यांच्या दिशेचा बाण काढायची सवय लावा.

वाकण्यासाठी स्पंज घ्या. त्याच्या बाजूवर पेनाने एक-एक सेंटीमीटरवर उभ्या रेषा आखा, दोन वह्यांवर टेकवा आणि मधे दाबा. खालच्या रेषा फाकतात, वरच्या जवळ येतात. म्हणजे तुळई खालून ताणली जाते आणि वरून दाबली जाते. काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही, म्हणून स्लॅबच्या सळया खाली. मग तोच स्पंज एका टोकाला हाताने दाबून धरा आणि दुसरे टोक हवेत सोडून त्यावर भार द्या. आता वरच्या रेषा फाकतात! बाल्कनीच्या सळया वर का असतात ते इथे समजते. अनेक बाल्कन्यांना भिंतीलगत वरून तडा जातो. काँक्रीट ओतताना मजूर त्या वरच्या सळयांवर उभे राहतात, सळया दबून खाली जातात आणि जिथे त्यांची गरज असते तिथे त्या उरतच नाहीत. मोठ्या मुलांना शाडूच्या दोन पट्ट्या करायला लावा, २० सेंटीमीटर लांब, ३ रुंद, २ जाड. एकीत तळाशी भिजवलेली सुतळी घाला. आठवडाभर सावलीत वाळवून मोडून बघा. साधी पट्टी एका क्षणात दोन तुकडे होते, सुतळीची पट्टी तडकते पण लोंबत राहते. इमारत पडण्याआधी माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो तो याच गुणामुळे.

कमान शाडूचीच करा. अर्धवर्तुळाकार, आतली त्रिज्या १० सेंटीमीटर, बाहेरची १४, नऊ तुकडे. म्हणजे प्रत्येक तुकडा २० अंशांचा, आतून साडेतीन सेंटीमीटर आणि बाहेरून सुमारे पावणेपाच ते पाच. पुठ्ठ्याचा एकच साचा करून नऊ तुकडे त्यात दाबा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवले तर बाहेरचा थर आधी आकसून भेगा पडतात. वाळल्यावर तुकडे लहान होतात. हरकत नाही, सगळे सारखे आकसले तर कोन बदलत नाही, म्हणून कमान बसतेच. पण खालचा आधार, म्हणजे पुठ्ठ्याचे सेंटरिंग, वाळलेल्या तुकड्यांवरून मोजूनच कापा. आधी कापून ठेवलेत तर ते मोठे पडेल. दोन्ही बाजूंना विटा घट्ट लावा, दोन्हीकडून एकेक तुकडा चढवत मधला शेवटी बसवा आणि सेंटरिंग हळूच खाली सरकवून काढा. मग एक वीट थोडी बाजूला सरकवा, कमान कोसळते. कमान पायांना बाहेर ढकलत असते हे तोंडाने शंभरदा सांगून कळत नाही, ते असे एकदाच कळते.

कमान नको असेल तर दुसरा मार्ग सिन्नरच्या गोंदेश्वराला दिसतो. यादवकाळातल्या त्या मंदिरात खांब, तुळया आणि आत झुकत जाणारे दगडांचे थर आहेत, खरी कमान नाही. प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे. साबणाच्या पाच सारख्या वड्या टेबलाच्या कडेवर रचा. सर्वांत वरची तिच्या खालचीपेक्षा लांबीच्या अर्ध्याने पुढे, त्याखालची पाव लांबीने, मग एक षष्ठांश, एक अष्टमांश आणि शेवटची टेबलाच्या कडेबाहेर एक दशांश. प्रत्येक ठिकाणी केसभर कमीच ठेवा. सर्वांत वरची वडी पूर्णपणे टेबलाबाहेर जाते आणि तरी पडत नाही. हे पाहून मग सिन्नरला जा. मंडपाच्या छताखाली मुले मान वर करून थर मोजत बसतील, त्यांना वेगळे काही सांगावे लागणार नाही.

ऊन हा विषय नाशिकच्या उन्हाळी वर्गाला आयताच मिळतो. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळपास २० अंशांवर आहोत, त्यामुळे मे महिन्याच्या २०-२१ तारखेच्या आसपास साडेबाराच्या सुमाराला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. गच्चीवर १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि सकाळी आठपासून दर तासाला सावलीचे टोक खडूने टिपा. हीच काठी २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास भर दुपारी सुमारे ३६ सेंटीमीटर सावली देते आणि डिसेंबरच्या २१-२२ ला सुमारे ९५. हे दोन आकडे कमावले की छज्जा काढता येतो. दक्षिणेच्या खिडकीवर ४५ सेंटीमीटरचा छज्जा असेल तर मार्च-सप्टेंबरच्या दुपारी १२० सेंटीमीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत राहते. डिसेंबरात सावली ४५-४७ सेंटीमीटरपर्यंतच उतरते आणि खालून ऊन आत येते, जे हिवाळ्यात हवेच असते. पश्चिमेला मात्र हा हिशेब चालत नाही. संध्याकाळी चार-पाचला सूर्य खाली असतो आणि कितीही लांब छज्जा केला तरी त्याच्या खालून घुसतो. तिथे उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड लागते. मुलांनी आपापल्या इमारतीची पश्चिम बाजू पाहून किती लोकांनी पडदे, हिरवी नेट किंवा ग्रिलबाहेर पत्रा लावला आहे ते मोजावे. ही मोजणी म्हणजे त्या इमारतीच्या डिझाइनवर रहिवाशांनी दिलेला शेराच असतो. घराच्या दिशांबद्दल घरी जे काही मानत असतील ते मानू द्या, पण होकायंत्र आणि सावलीची वही यांनी प्रत्येक दिशेला काय घडते ते मुलांनी स्वतः नोंदवलेले असावे.

पाऊस आणि जमीन थोडक्यात. पण आपल्या जिल्ह्याइतके सोयीचे उदाहरण सहसा मिळत नाही. इगतपुरीकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, येवला-नांदगावकडे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच. म्हणून पश्चिमेला उतरती कौलारू छपरे आणि पूर्वेला जुन्या गावांत सपाट धाबे, लाकडावर माती टाकून केलेले. इगतपुरीत धाबे एका पावसाळ्यात गळून जाईल, आणि पूर्वेला उतरत्या छपराची गरज कमी, उलट रात्री झोपायला आणि धान्य वाळवायला सपाट गच्ची कामी येते. सुटीत गावी जाणाऱ्या प्रत्येक मुलाला तिथल्या एका जुन्या घराचा छेद काढून आणायला सांगा. जमिनीसाठी काळी माती आणि मुरूम ओले करून दोन ताटल्यांत थापा आणि उन्हात वाळवा. काळी भेगाळते, मुरूम जवळजवळ तसाच राहतो. काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून पाया तिच्यात न थांबवता खाली मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत नेतात. कंपाउंडच्या भिंतींना इतक्या तिरक्या भेगा का असतात, याचे उत्तर बरेचदा इथे असते. त्यांचा पाया कुणी खोल नेलेला नसतो.

शहरात तीन जागा पुरे. जास्त दाखवाल तर काहीच दिसणार नाही.

पांडवलेण्यांत सकाळी लवकर जा, उन्हात चढण त्रासाची. २४ लेण्यांपैकी फक्त दोन बघा. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, सातवाहन राजा गौतमीपुत्राच्या नावाच्या विहारात (भिक्षूंच्या निवासात), मधला दालनाचा भाग सुमारे ४१ फूट रुंद आहे आणि आत एकही खांब नाही. आधी मुलांना पावलांनी मोजू द्या, मग विचारा: आपल्या घरातल्या बीमना इतक्या अंतरात खांब का लागतो आणि इथे का नाही? उत्तर त्यांना स्पंजाच्या प्रयोगातून सुचायला हवे. इथे बारीक तुळई नाहीच, वर अख्खा डोंगर आहे आणि सगळा एकसंध. व्हरांड्यातले खांब दगडातच कोरून ठेवलेले आहेत, रचून उभे केलेले नाहीत. मग १८ व्या क्रमांकाच्या चैत्याचा, म्हणजे प्रार्थनागृहाचा, दर्शनी भाग पाहा. तिथे लाकडी बांधकामाची नक्कल दगडात केलेली दिसते. लाकडात ज्याची गरज होती ते दगडात शोभेला उरले. ‘यातले कोणते तुकडे काम करतात आणि कोणते नुसते दिसतात?’ या एका प्रश्नावर अर्धा तास जाऊ द्या.

दुसरी जागा जुन्या नाशकातली एखादी वाड्यांची गल्ली. सरकारवाड्याच्या परिसरातून चालत गेलात तरी पुष्कळ दिसते. दगडाचा तळखडा लाकडी खांबाखाली का? लाकूड जमिनीला टेकले तर ओल चढते आणि वाळवी लागते. तळखडा दोन्ही थांबवतो. खांबाच्या डोक्यावरचे हस्त, म्हणजे बाजूंना बाहेर आलेले लाकडी आधार, तुळईचे मोकळे अंतर कमी करतात. आणि दोन खांबांमधली कोरीव लाकडी महिरप पाहून मुले म्हणतात, ही कमान. नीट बघायला लावा. तिच्या वर तुळई सरळ गेलेली आहे, भार तीच घेते, महिरप मधे शोभेला बसवलेली. शाडूची कमान केलेल्या मुलाला हे लगेच दिसते, न केलेल्याला दाखवूनही दिसत नाही. लोक राहतात त्या घरांत न विचारता शिरू नका. महापालिकेने धोकादायक म्हणून नोटीस लावलेल्या वाड्याच्या ओसरीवरही मुलांना उभे करू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही. भिजलेली मातीची भिंत आवाज न करता बसते.

तिसरी जागा गोदाघाट. दुतोंड्या मारुती हा शहराचा पूरमापक आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, गळ्याला लागले यावर लोक पूर मोजतात. मुलांनी पाण्याच्या कडेपासून वरच्या रस्त्यापर्यंत पायऱ्या मोजाव्यात, प्रत्येकीची उंची टिपावी आणि बेरीज करावी. मधला उतार असेल तिथे पाण्याची नळी वापरा. मग त्याच छेदावर मारुती, नारोशंकराच्या मंदिराची तटभिंत आणि घाटावरची दुकाने आपापल्या उंचीवर काढायची. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांबद्दल घरी विचारून पाणी कुठवर आले होते ते त्यावर निळ्या पेन्सिलीने दाखवायचे. कोणती वस्तू पाण्यात जाणार हे ठरवूनच बांधलेली आहे आणि कोणती चुकून गेली, हा फरक त्या एका कागदावर उमटतो.

चालू बांधकामावर मुलांना आत नेऊ नका. खिळे, उघडे डक्ट आणि सेंटरिंगचे बांबू पुरेसे कारण आहेत. समोरच्या फुटपाथवरून दर आठवड्याला त्याच जागेवरून एक फोटो काढा आणि तारीख टाका. स्लॅब ओतल्यावर टेकू किती दिवसांनी काढले, पाणी किती दिवस मारले, याची नोंद करा. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्याखालचे १४ दिवस ठेवायचे असतात. मोठ्या मुलांना ही तपासणी करायला फार आवडते.

एवढे झाले की मगच डिझाइन. ‘स्वप्नातले घर’ हा विषय देऊ नका, त्यात कुणी हरकत घेणारे नसते, म्हणून स्विमिंग पूल आणि घसरगुंडीच्या पुढे गाडी जात नाही. सोसायटीच्या फाटकावरची वॉचमनकाकांची खोली द्या. आकार १.८ बाय २.४ मीटर, बस. मुलांनी आधी काकांना भेटायचे: काका, तुम्ही कुठे बसता? फाटक आणि रस्ता दोन्ही दिसतात का? डबा कुठे ठेवता, रजिस्टर कुठे, मोबाइल चार्जिंगला कुठे लावता? पावसात पाणी कुठून येते? रात्री डास, थंडी? बसलेल्या काकांच्या डोळ्याची उंची मोजून आणा, खिडकीचा तळ त्यावरून ठरतो. मॉडेल १:१० चे करा, म्हणजे १८ बाय २४ सेंटीमीटर, आणि १६५ सेंटीमीटरचे काका साडेसोळा सेंटीमीटरचे, पुठ्ठ्यातून कापून पहिल्याच दिवशी आत उभे केलेले. छप्पर चिकटवू नका, उचलता आले पाहिजे. कटर बारा वर्षांखालच्या हातात नको. त्यांनी आखायचे, मोठ्यांनी स्टीलच्या पट्टीला धरून तीन हलक्या वारांत कापायचे. एकाच जोरात कापला तर पुठ्ठा चेपतो आणि बोटही जाते. फेव्हिकॉल पातळ लावा आणि वीस मिनिटे क्लिप किंवा टाचण्यांनी धरून ठेवा. जाड लावला तर पुठ्ठा भिजून वाकतो.

नेहमीचे बिघाड सांगून ठेवतो. दार आत उघडते आणि खुर्चीवर आपटते, म्हणून दार फिरते त्या पाववर्तुळाची जागा फरशीवर आखूनच खुर्ची ठेवायची. खिडक्या चारही बाजूंना होतात आणि डबा-रजिस्टर ठेवायला भिंतच उरत नाही. पश्चिमेची खिडकी मोठी होते. दुपारी चारला मॉडेल गच्चीवर नेऊन खऱ्या दिशेने ठेवा, काकांच्या तोंडावर ऊन पडते ते दिसते. ज्या मुलांना दुमजली करायचे असते त्यांना थांबवू नका, फक्त जिना मापाने काढायला सांगा. ३ मीटर चढायला १८ उंच्या, म्हणजे सतरा पायऱ्या, प्रत्येकी २७ सेंटीमीटर, सरळ जिना साडेचार मीटरच्या वर. खोलीच २.४ मीटर. दुसरा मजला मूल स्वतःच काढून टाकते.

शेवटी मॉडेल पालकांसमोर नव्हे, आधी वॉचमनकाकांसमोर ठेवा. मुलांनी समजावून सांगायचे नाही, काकांनी बोट दाखवून विचारायचे आणि मुलांनी लिहून घ्यायचे. त्या यादीवरून दुसरे मॉडेल. त्यासाठी तीन दिवस राखून ठेवा, कारण बहुतेकांना भिंत हलवावी लागते. आठ-नऊ वर्षांच्यांसाठी एकच फेरी पुरे. बारा-तेराच्यांकडून मात्र दुसऱ्या मॉडेलसोबत छेद आणि प्लॅन दोन्ही घ्या, आणि पहिले मॉडेल टाकून देऊ देऊ नका, दोन्ही शेजारी ठेवा.